उरलेल्या धातूचा प्रश्न

भोर-वेल्ह्याच्या परिसरात पायाखाली सगळा लाव्हाच आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हे डोंगर बेसाल्टचे थर एकावर एक साचून आणि नंतर पावसापाण्याने कोरले जाऊन तयार झाले. घाटरस्त्यासाठी कडा तासला की काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये मधूनच एक तांबडी पट्टी उघडी पडते. एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा ऊनपावसाने कुजून माती झाली आणि मग वर दुसरा लाव्हा आला. त्या मधल्या काळाची ती खूण. सह्याद्रीतल्या अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही पडलेली आहे आणि त्या राखेत झिरकॉन या खनिजाचे वाळूच्या बारीक कणाएवढे स्फटिक सापडतात. स्फटिक बनताना त्यात थोडं युरेनियम अडकतं आणि ते तिथेच, बंद खोलीत, म्हातारं होत राहतं.

२०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांचे सहकारी यांनी 'सायन्स' या नियतकालिकात सह्याद्रीतल्या अशाच झिरकॉनांवरून दख्खनच्या उद्रेकाचं वय मांडलं. सहकाऱ्यांत अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. डायनोसॉर ज्या संहारात गेले त्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी मुख्य उद्रेक सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला, असा त्यांचा निष्कर्ष होता. या संशोधनाची बातमी झाली ती डायनोसॉरमुळे. मला मात्र त्यातली प्रयोगशाळेतली एक पायरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण किरणोत्सारी धातूंबद्दल आपण जे सहसा बोलत नाही ते तिच्यात आहे.

युरेनियमपासून शिसं बनतं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय निघतं, इतकं शाळेतही शिकवतात. पण वय मोजण्याआधी झिरकॉन सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापवून ठेवतात आणि नंतर हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकतात. आम्ल स्फटिकाचा काही भाग खाऊन टाकतं. उरतो त्यावरच मोजमाप होतं. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जेम्स मॅटिन्सन यांनी २००५ मध्ये ही रीत मांडली आणि आज जगभरच्या चांगल्या प्रयोगशाळा ती पाळतात. आम्लात जातो तो भाग किरणोत्साराने आतून मोडलेला असतो. त्यातून शिसं झिरपून गेलेलं असतं, त्यामुळे तो आपलं वय खोटं, कमी सांगतो.

आता हिशेब पाहा. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. सह्याद्रीचे हे थर ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचे. एवढ्या काळात स्फटिकातलं जेमतेम १ टक्का युरेनियम-२३८ संपलं. ९९ टक्के जसंच्या तसं शिल्लक आहे. अर्धायुष्याच्या आकड्याने पाहिलं तर तो धातू अजून बाल्यावस्थेतच म्हणावा लागेल. तरीही त्या १ टक्क्याने आपल्या भोवतीचं घर काही ठिकाणी इतकं खिळखिळं केलं, की शास्त्रज्ञाला मोडका भाग काढून टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. युरेनियमचा अणू शिशापर्यंत पोचेतो आठ अल्फा कण बाहेर फेकतो. अल्फा कण एका दिशेला सुटतो आणि मागे राहिलेलं जड केंद्रक बंदुकीच्या दस्त्यासारखा उलटा धक्का खातं. तो धक्का अगदी थोड्या अंतरात जिरतो, पण तेवढ्यात शेकडो-हजारो शेजारी अणू जागेवरून उडतात. डोंगरउतारावरच्या भातखाचराचा गच्च रचलेला बांध आठवा. त्यातला एकच दगड आतून उसळला तर तो एकटा सुटत नाही, आजूबाजूचे दहा-वीस हलवतो. बरेचसे पुन्हा बसतात, काही कायमचे तिरके राहतात. स्फटिकात हेच घडतं. तिरके राहिलेले भाग वाढत गेले की त्यांच्या जागा एकमेकींना भिडतात आणि एक वेळ अशी येते की स्फटिकपणच संपतं. श्रीलंकेच्या नदीवाळूत सुमारे ५५ कोटी वर्षं जुने झिरकॉन मिळतात. त्यांतल्या जास्त युरेनियमवाल्यांची स्थिती काचेसारखी झाली आहे: फुगलेले, घनता सुमारे सहाव्या हिश्शाने उतरलेली, कठीणपणा कमी झालेला. सह्याद्रीचे झिरकॉन वयाने लहान असल्यामुळे त्या टोकाला पोचलेले नाहीत. रस्ता मात्र तोच.

माझं म्हणणं या दाखल्यातून निघतं. किरणोत्सारी धातू म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारतो, किती उरला? अर्धायुष्याचा आकडा त्याचंच उत्तर देतो. जो उरला तो कसा झाला, हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि माणसांच्या हिशेबात तोच आधी येतो. अणुऊर्जेचे समर्थक आणि विरोधक, दोघेही त्या एकाच आकड्याला धरून बसले आहेत. एक म्हणतो, अर्धायुष्य हजारो वर्षांचं आहे म्हणजे किरणोत्सार मंद आहे, घाबरू नका. दुसरा म्हणतो, अर्धायुष्य हजारो वर्षांचं आहे म्हणजे विष हजारो वर्षं टिकणार. दोघांचंही गणित चुकलेलं नाही. दोघांच्याही मनात मात्र तो पदार्थ एका जागी निमूट पडून हळूहळू कमी होणारा आहे. तो तसा पडून राहत नाही.

प्लुटोनियमइतकं हे कुठेच स्पष्ट दिसत नाही, आणि भारतातल्या प्लुटोनियमचा इतिहास महाराष्ट्रात सुरू होतो. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) 'सायरस' अणुभट्टी १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली. तिच्या जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळा करणारा कारखाना तिथेच १९६४ मध्ये सुरू झाला. १८ मे १९७४ च्या पोखरणच्या स्फोटातला प्लुटोनियम तुर्भ्याचाच होता. हा धातू मुळातच चंचल. साध्या दाबाखाली तापवत गेलं तर वितळेपर्यंत तो सहा वेगवेगळी स्फटिकरूपं घेतो. खोलीच्या तापमानाचं त्याचं नैसर्गिक रूप घनतेला १९.८ आणि काचेसारखं ठिसूळ. थोडं गॅलियम मिसळलं की मऊ, घडवता येणारं, घनतेला १६ च्या आसपासचं रूप टिकून राहतं. म्हणजे ज्या रूपात तो कामाला येतो ते रूपच धरून ठेवलेलं आहे, आणि त्यावर आतून रोज मार बसतो.

प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,११० वर्षं. ५० वर्षांत त्यातले ०.१४ टक्के अणू फुटतात. हजारात दीडही नाही. पण प्रत्येक फुटणाऱ्या अणूमागे जे हजारो शेजारी हलतात त्यांची बेरीज केली तर त्या धातूतला प्रत्येक अणू साधारण दर १० वर्षांनी एकदा आपल्या जागेवरून फेकला जातो. म्हणजे ५० वर्षांत सरासरी पाच वेळा. क्षय हजारात दीड अणूंचा आणि उलथापालथ सगळ्यांची! यातले बहुतेक अणू क्षणार्धात पुन्हा जागेवर बसतात, कारण हा धातू स्वतःच्याच उष्णतेने कोमट असतो (एका किलोतून सतत सुमारे २ वॅट) आणि त्या उबेत जखमा भरतात. सगळ्या मात्र भरत नाहीत. पहिल्या काही वर्षांत स्फटिकाची जाळी किंचित फुगते आणि मग थांबते.

त्यानंतर काम सुरू होतं हेलियमचं. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. तो धातूत थांबला की दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि हेलियमचा अणू होतो. हेलियम कशाशीही संयोग पावत नाही, घट्ट धातूतून सहज बाहेरही पडत नाही. तो रिकाम्या जागा शोधत फिरतो आणि बारीक बुडबुडे करतो, एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे. १ किलो शुद्ध प्लुटोनियम-२३९ मध्ये ५० वर्षांत जमणारा हेलियम बाहेर मोकळा सोडला, तर शून्य अंशाला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला तो १३० घन सेंटीमीटरांच्या आसपास भरेल. त्या १ किलो मऊ रूपातल्या धातूचं स्वतःचं आकारमान जेमतेम ६३ घन सेंटीमीटर. आपल्या आकाराच्या दुप्पट वायू पोटात दाबून धरलेला तो धातू बाहेरून मात्र तसाच दिसतो. शिवाय फुटलेल्या अणूच्या जागी युरेनियम आलेलं असतं. तुर्भ्यात १९६४ साली वेगळा झालेला प्लुटोनियम तसाच ठेवला असता, तर आज तो रासायनिकदृष्ट्याही किंचित मिश्रधातू झाला असता.

इथे एक भेद करायला हवा. सगळेच किरणोत्सारी धातू असे म्हातारे होत नाहीत. नैसर्गिक युरेनियमचा तुकडा कपाटात ठेवला तर माणसाच्या आयुष्यात त्याच्यात जो बदल होतो तो हवेमुळे: ताजा कापलेला चंदेरी पृष्ठभाग आधी सोनेरी होतो, मग काळा पडतो. त्या गंजण्याचा किरणोत्साराशी फारसा संबंध नाही. तोच युरेनियम 'सायरस'सारख्या भट्टीत गेला की गोष्ट बदलते. युरेनियमचा स्फटिक न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली एका दिशेने लांबतो, दुसऱ्या दिशेने आखूड होतो, तिसरीकडे जवळजवळ तसाच राहतो. घडण करताना सगळे स्फटिककण एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतील तर इंधनाची कांडी भट्टीत लांबत जाते आणि वाकते. म्हणून धातुशास्त्रज्ञ कांडी तापवून झटकन निववतात, म्हणजे कणांच्या दिशा विस्कटतात आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या आखडण्याने भरून निघते. बदल थांबवता येत नसेल तर तो आधी ओळखून जागा करून ठेवायची, ही धातुशास्त्राची जुनी शहाणी रीत. इंधनाच्या कांडीला जे लागू केलं ते आपण धोरणाला अजून लागू केलेलं नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप येतो आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. अमेरिकेत याच प्रश्नाचा कसून अभ्यास झाला. जुन्या अस्त्रांतला प्लुटोनियम तपासला गेला. जोडीला, धातूत जलद क्षय पावणारा प्लुटोनियम-२३८ मिसळून त्याचं वय मुद्दाम वाढवलं गेलं, म्हणजे काही वर्षांत अनेक दशकांचा मार बसला. २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: अस्त्रांतले प्लुटोनियमचे बहुतेक गाभे किमान ८५ वर्षं टिकतील. 'जेसन' या स्वतंत्र वैज्ञानिक गटाने त्याची छाननी केली आणि बहुतेक प्रकारांचं किमान आयुष्य १०० वर्षांवर असल्याचं म्हटलं. मग धातू इतका चांगला म्हातारा होत असेल तर काळजी कशाची?

माझं उत्तर असं: तो निष्कर्ष दिलासा देणारा निघाला, पण तो कोणीतरी वर्षानुवर्षं पाहत बसल्यामुळे निघाला. प्लुटोनियमच्या स्वभावावरून तो आधी सांगता आला नसता. आणि त्याच 'जेसन' गटाने २०१९ मध्ये पुन्हा बजावलं की हा अभ्यास मंदावला आहे, तो नव्याने आणि नेटाने सुरू करा. शंभर वर्षांचा दाखला मिळालेल्या वस्तूकडेही दर दहा-वीस वर्षांनी परत पाहावं लागतं.

नजर ठेवली नाही तर काय होतं याचा सगळ्यात बोलका दाखला पुन्हा झिरकॉनचाच आहे. झिरकॉन कोट्यवधी वर्षं टिकतो, हे पाहून काही शास्त्रज्ञांनी सुचवलं होतं की नको असलेला प्लुटोनियम झिरकॉनमध्ये बंद करून जमिनीत पुरावा. कल्पना सुंदर होती. २००७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे इयन फर्नान आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये प्रत्यक्ष मोजमाप मांडलं. एका अल्फा क्षयामागे सुमारे ५,००० अणू कायमचे विस्थापित होतात. त्या हिशेबाने प्लुटोनियम भरलेला झिरकॉन सुमारे १,४०० वर्षांत पूर्ण विस्कटेल. प्लुटोनियम निरुपद्रवी व्हायला मात्र दोन लाखांहून अधिक वर्षं लागतात. कैदी तुरुंगाच्या भिंती आपल्या शिक्षेच्या शंभराव्या हिश्शातच पाडतो. झिरकॉन वापरूच नये असं यातून सिद्ध होत नाही. पण अर्धायुष्य पाहून भांडं निवडणं चुकीचं आहे, हे निर्विवाद सिद्ध होतं.

आपल्याकडे अतितीव्र अणुकचरा बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. तारापूरला आणि तुर्भ्याला ते काम चालतं. काच आधीच विस्कटलेली असते, त्यामुळे तिच्यात स्फटिक मोडण्याचा धोका तसा नाही, पण पाण्याने ती हजारो वर्षांत कशी बदलेल हे प्रयोगशाळेत पाहायला कोणाला तेवढं आयुष्य नाही. तिथे दख्खनचा दगड उपयोगी पडला. लाव्हा झटकन निवतो तेव्हा त्याची नैसर्गिक काच होते, आणि तिने साडेसहा कोटी वर्षं पाणी सोसलेलं आहे. दिल्ली विद्यापीठातल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या बेसाल्टी काचेचा अभ्यास नेमका यासाठी केला: तिच्यावर कोणत्या मातीखनिजांचे पापुद्रे चढतात, कोणती मूलद्रव्यं आधी निघून जातात. भोर-वेल्ह्याचे कडे याच लाव्हाचे. ज्या दगडाला आपण इमारतीची खडी म्हणून फोडतो, तो अणुकचऱ्याच्या भवितव्याची आगाऊ प्रत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि मराठी वाचकाला हे कोणी सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही याचा खेदही वाटतो.

आता उशिराचा प्रश्न. आपण सरकारी प्रकल्पाच्या उशिराचा हिशेब रुपयांत करतो. अणुप्रकल्पात धातूचाही हिशेब करावा लागतो. अणुभट्टीतून निघालेल्या प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४१ चा काही वाटा असतो. त्याचं अर्धायुष्य फक्त १४.३ वर्षं. तो उत्तम इंधन आहे, आणि तो बदलून होतो अमेरिशियम-२४१, जे न्यूट्रॉन खातं आणि गॅमा किरण सोडतं. प्लुटोनियम वेगळा काढून ठेवला आणि वापरायला उशीर केला, तर इंधन निकृष्ट होतं आणि ते हाताळणाऱ्या कामगाराला मिळणारी मात्रा वाढते. कल्पाक्कमच्या प्रारूप वेगवान प्रजनक भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं, मूळ मुदत २०१० ची होती, गाभा भरायला औपचारिक सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. तिचं प्लुटोनियमयुक्त इंधन तारापूरला बनतं. २०१० साठी वेगळा काढलेला प्लुटोनियम तसाच थांबून राहिला असता तर २०२४ पर्यंत त्यातला जवळजवळ निम्मा प्लुटोनियम-२४१ गेला असता. सिमेंट आणि पोलाद थांबून राहू शकतं. हा धातू थांबत नाही. अणुकार्यक्रमाच्या प्रत्येक उशिराच्या अहवालात हा हिशेब रुपयांच्या शेजारी छापला गेला पाहिजे.

आणि शेवटी ते धातू, जे आपल्या जवळपास असतात. कर्करोगाच्या रुग्णालयात आणि लासलगावच्या कांदा-विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० असतं. कारखान्यांत वेल्डिंग तपासायला इरिडियम-१९२ वापरतात. कोबाल्टचं होतं निकेल, इरिडियमचं मुख्यतः प्लॅटिनम. इथे म्हातारपण बाहेरून दिसतच नाही, कारण चमकदार धातूचा दुसरा चमकदार धातू होतो. २०१० मध्ये दिल्लीच्या एका विद्यापीठाने जुनं, कित्येक वर्षं बंद पडलेलं कोबाल्टचं उपकरण भंगारात लिलावाने विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. त्यातल्या कोबाल्टची सातहून अधिक अर्धायुष्यं उलटून गेली होती, म्हणजे मूळ किरणोत्साराचा शंभरावा हिस्साही उरला नव्हता. तेवढ्याने एका माणसाचा जीव गेला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. इथे 'किती उरला' या प्रश्नाचं उत्तर होतं 'फार थोडा', आणि ते उत्तर कुणाच्याही कामाला आलं नाही. कामाला आली असती ती एक नोंदवही: हे कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचं कधी पाहिलं.

अस्त्रांची गुपितं गुपितं राहोत. त्यांवर माझा वाद नाही. पण जळालेलं इंधन, काचेतला कचरा, रुग्णालयांतले आणि कारखान्यांतले स्रोत यांचं वय आणि अवस्था लपवण्यात देशाची कोणतीही सुरक्षा नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने दरवर्षी त्यांची वयवार यादी लोकांसमोर ठेवावी: किती टाक्या, किती वर्षांच्या, शेवटची तपासणी कधी, पुढची कधी. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांनी दख्खनच्या काचेचा अभ्यास आपला म्हणून पुढे न्यावा. दगड आपल्या दारात आहे.

जैतापूरला अणुप्रकल्प प्रस्तावित आहे. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही अणुप्रकल्पाच्या जनसुनावणीला तुम्ही गेलात, तर अर्धायुष्यावरच्या वादात वेळ घालवू नका. हे इंधन पाण्याच्या टाकीत किती वर्षं राहणार, पन्नासाव्या वर्षी त्याच्या नळ्या आणि ते ज्यात ठेवलं असेल ते पात्र कोण उघडून पाहणार, आणि त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, एवढं विचारा. उत्तर लेखी घ्या आणि त्यावर तारीख घालून घ्या.